कंबरदुखीसाठी व्यायाम निवडताना या चुका टाळा

कंबर धरली की पहिला प्रश्न ठरलेला: "यावर सगळ्यात चांगला व्यायाम कोणता?" पहिली चूक इथेच होते. जुनाट कंबरदुखीवरच्या 249 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये घेतला, त्यात व्यायामाने दुखणं कमी होतं हे दिसलंच. प्रकाराप्रकारांत फरक असेलही. पण दोन आठवड्यांत सोडून दिलेला उत्तम व्यायाम काय कामाचा?

मला फिजिओथेरपिस्टने कागदावर आठ व्यायाम लिहून दिले होते, सगळे जमिनीवर झोपून करायचे. पहिले चार दिवस कागदावर टिकमार्क आहेत, पाचव्यापासून कोरा. पुढच्या भेटीत मी "करतोय" असं ठोकून दिलं! खरं तर "मला हे कंटाळवाणं वाटतं, चालायला आवडतं" एवढं सांगायला हवं होतं. तुम्हाला घोळका आवडतो की एकटेपण, पाणी की जिम, हे पहिल्याच भेटीत बोला.

चालणं म्हणजे काय व्यायाम, असंही म्हणू नका. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या 701 जणांवर अभ्यास झाला, तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. टप्प्याटप्प्याने चालणं वाढवणाऱ्या आणि त्यासोबत फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन घेणाऱ्या गटात निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला 208 दिवस लागले, यातलं काहीच न दिलेल्या गटात 112.

दुखलं की लगेच बंद, ही चूक तर सर्रास. व्यायामानंतर थोडं ठणकलं म्हणजे मणक्याला इजा झाली असं नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरलं, तर तेवढाच व्यायाम चालू ठेवा. नाही ओसरलं तर निम्मा करा, पण गादी गाठू नका. याच्या उलट टोकाची माणसंही असतात: बरं वाटलेल्या दिवशी तासभर घाम गाळायचा आणि पुढचे तीन दिवस बूट घालायलाही वाकता येत नाही. दहा मिनिटं झेपतात? मग आठवडाभर दहाच.

पट्टा बांधून निश्चिंत होणंही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना जुनाट कंबरदुखीत तो सुचवत नाहीत.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली किंवा पडल्यानंतर वा तापासोबत कंबर दुखू लागली, तर आवडनिवड बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.