शिकारी मासा घेण्याआधी त्याला समोर खाताना पाहा

घरच्या मत्स्यालयात पाळायचा खाऱ्या पाण्यातला लायनफिश अनेकदा जिवंत भक्ष्यावरच अडून बसतो, आणि सोलापुरात ते रोज कुठून आणणार?

१. पैसे देण्याआधी दुकानदाराला कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्यात हलवायला सांगा. मासा पंख पसरून, नजर रोखून सावकाश पुढे सरकला आणि गपकन गिळला, तरच घ्या. तोंडात घेऊन थुंकला तर राहू द्या, कितीही देखणा असो.

२. बुटकी जातच बघा. ती साधारण १५-१७ सेंटीमीटरवर थांबते, मोठी ३५ च्या पुढे जाते. शिवाय बुटका खाऊ घालणाऱ्याला पाहून काचेपाशी येतो, फार लोभस!

३. त्याच्या तोंडात मावेल असा दुसरा मासा त्याच टाकीत नको.

लायनफिशचे काटे विषारी असतात. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.