युद्धकाळातील भित्तीपत्रक हाती आले तर

पुण्याच्या पेठांमधला एखादा वाडा पाडायला काढला की माळ्यावरच्या ट्रंकेतून निघणाऱ्या कागदांत कधीमधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले एखादे भित्तीपत्रक सापडते. धान्य वाया घालवू नका, बचतपत्रे घ्या, अफवांवर विश्वास ठेवू नका, असे ते घरी राहिलेल्या सामान्य नागरिकाला सांगत असते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही असा कागद समोर येऊ शकतो. आपली नजर साहजिकच चित्रावर जाते. परंतु माझे आग्रहाचे सांगणे असे की, चित्राआधी कागदाच्या चारही कडा आणि त्याची पाठ पाहावी, कारण चित्राची नक्कल सहज करता येते, पण कागदाने भोगलेल्या काळाची नक्कल करणे फार अवघड असते.

घडी घातलेला कागद मिळाल्याबरोबर उलगडू नये. त्या काळचा बहुतेक स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असून त्यातील आम्लामुळे तो वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो, आणि पुण्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर तो घडीवरच तुटतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, मोठ्या टेबलावर स्वच्छ टीपकागद पसरावा आणि एकेक घडी सावकाश उघडावी. कागद जिथे अडेल तिथे थांबावे. फाटलेल्या जागी सेलोटेप तर मुळीच लावू नये, कारण त्याचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो आणि तो पुढे निघता निघत नाही.

आता खालची कड पाहावी. ब्रिटिश सरकारी भित्तीपत्रकांवर तिथे बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव आणि अनेकदा ५१ या आकड्याने सुरू होणारा क्रमांक आढळतो. अमेरिकन पत्रकांवर सरकारी मुद्रणालयाचे नाव आणि वर्ष असते. ब्रिटनमध्ये २० × ३० इंच हा आकार विशेष प्रचलित होता. पुनर्मुद्रणात ही ओळ पुष्कळदा गाळलेली असते किंवा आकार आजच्या कागदाच्या मापाला बसवलेला असतो. चित्र प्रसिद्ध असेल तर अधिकच सावध राहावे. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (शांत राहा आणि आपले चालू ठेवा) या ब्रिटिश पत्रकाच्या १९३९ साली सुमारे २४.५ लाख प्रती छापल्या गेल्या, पण त्या फारशा लावल्याच गेल्या नाहीत आणि बहुतेक प्रती रद्दीत गेल्या. २००० साली इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडल्यानंतर त्याची नवी छपाई सुरू झाली. दंड दाखवणारी कामगार स्त्री असलेले अमेरिकन चित्रही १९४३ मध्ये केवळ एका कंपनीच्या कारखान्यांत, तेही दोनच आठवडे, लावलेले होते.

दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. मात्र ठिपके दिसले म्हणजे नक्कल, असे समजू नये; बारीक ठिपक्यांनी चित्र उमटवणारी ऑफसेट छपाई त्या काळीही होत असे. त्याहून उपयोगी पडते ती अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी, जी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. कागद पांढरा दिसावा म्हणून वापरली जाणारी चमकद्रव्ये युद्धानंतर प्रचारात आली, त्यामुळे अंधारात कागद निळसर-पांढरा उजळला तर तो युद्धकाळातला नसण्याची शक्यता मोठी असते.

आपल्याकडील पत्रकांच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम युद्धकाळात सुरू झाली खरी, पण ती स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, म्हणून केवळ घोषणेवरून काळ ठरवू नये. सिंहमुद्रा असेल तर ते पत्रक स्वातंत्र्यानंतरचे मानावे. ब्रिटिश मुकुट असेल तर आधीचे. ‘मुंबई इलाखा’ लिहिले आहे की ‘मुंबई राज्य’, हेही पाहावे.

पाठीवरचे खळीचे डाग, टाचण्यांची छिद्रे, कचेरीचा शिक्का हे सारे पुरावे आहेत आणि ते पुसू नयेत. माझ्याकडील एक पत्रक चौकट करणाऱ्याने मला न विचारता प्लायवूडवर डिंकाने चिकटवले; त्याच्या पाठीवर काय होते ते आता कधीच कळणार नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून चौकट करायला देताना काहीही चिकटवायचे नाही हे लेखी द्यावे, लॅमिनेशन टाळावे आणि काच कागदाला टेकू देऊ नये. साठवायचे असेल तर आम्लमुक्त कागदात सपाट ठेवावे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ते ठेवू नये, आणि श्रावण संपेपर्यंत दर पंधरवड्याला बुरशी व कसर पाहावी. डांबरगोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला कागदाला लागेल असा ठेवू नये.

प्रत्येक पत्रकासोबत वेगळ्या कागदावर पेन्सिलीने नोंद ठेवावी: ते कुठे मिळाले, कोणाकडून, कधी. त्यातच त्या दिवसांचा संदर्भही लिहावा. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारता देश युद्धात ओढला, आणि ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी याच शहरातल्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. युद्धकार्याला हातभार लावा असे पुणेकरांना सांगणारा कागद त्या पुणेकरांनी कोणत्या मनाने वाचला असेल, हे नोंदीवाचून पुढच्या वाचकाला कळणार नाही. नोंद पत्रकाच्या पाठीवर लिहू नये. ती पाकिटात घालून जवळ ठेवावी.