आपली बिअर नक्की कोणाची, हे कसं शोधायचं

२०२१ च्या पावसाळ्यात धाकट्या भावाचा औरंगाबादहून फोन आला. "ताई, किंगफिशर परदेशी झाली म्हणतात. खरं का?" वाळूजच्या कारखान्यात बनणारी ही बिअर तो गावचीच समजत आलेला. त्याचा आवाज ऐकून मला २००८ आठवलं. मी अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला राहते आणि इथली बड्वायझर बनवणारी अनहॉयझर-बुश कंपनी परदेशी हातात गेली तेव्हा हे शहर कसं हळहळलं ते मी पाहिलंय. भावाला फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी भागधारकांची यादी काढा. बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' उघडा. हा तक्ता दर तिमाहीला नवा येतो, आणि त्यात भारतीय नि परदेशी प्रवर्तक (कंपनीवर ताबा असलेले मुख्य भागधारक) वेगळे दाखवलेले असतात. किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजच्या तक्त्यात भावाला नेदरलँड्सची हायनेकेन कंपनी सापडली. जून २०२१ मध्ये तिचा हिस्सा ४६.५ वरून ६१.५ टक्क्यांवर गेला होता. एवढ्यावर थांबू नका, जुने तक्तेही काढा. २००८ मध्येच ३७.५ टक्के हिस्सा हायनेकेनकडे आला होता. म्हणजे बातमी एका दिवसाची असली तरी गोष्ट तेरा वर्षांची होती.

ही यादी वेळेवर वाचणं का महत्त्वाचं, ते मी शेजारच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात शिकले. त्यांनी एकतीस वर्षं बड्वायझरच्या कारखान्यात, बाटल्या भरण्याच्या विभागात काढलेली. २००८ च्या जूनमध्ये ते ठामपणे म्हणाले, "बुश घराणं विकू देणार नाही." मी कंपनीच्या वार्षिक सभेचा कागद छापून नेला. त्यांनी चष्मा लावला, बोट खाली खाली नेलं, पुन्हा वर आणलं. ज्या घराण्याच्या नावावर सगळं शहर विसंबलं होतं, त्याच्याकडे जेमतेम चार टक्के शेअर होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग भाव बघा. ११ जूनला बेल्जियमच्या इनबेवने शेअरमागे ६५ डॉलर देऊ केले. मिसूरीचे गव्हर्नर विरोधात उभे राहिले, सिनेटर उभे राहिले, लोकांनी सह्या गोळा केल्या. संचालकांनीही नकार दिला, पण कारण काय दिलं? की रक्कम अपुरी आहे. असा नकार म्हणजे घासाघीस सुरू झाली असं समजा. महिन्याभरात ७० डॉलरवर सौदा ठरला, एकूण ५२ अब्ज डॉलर. अमेरिकेच्या अभिमानाबद्दल लोक मनापासून बोलत होते, मीही त्यांच्या बाजूने होते, पण मतं शेअरमागे मोजली जातात.

आश्वासनं वाचताना हातात पेन्सिल घ्या. कशाची हमी दिली आहे, त्या शब्दाखाली रेघ ओढा. इनबेवने अमेरिकेतले बाराही कारखाने चालू ठेवण्याचं आणि उत्तर अमेरिकेचं मुख्यालय सेंट लुईसला ठेवण्याचं कबूल केलं. रेघ कारखान्यांखाली आली, मुख्यालयाखाली आली. कार्यालयातल्या टेबलांखाली नाही. डिसेंबरमध्ये सुमारे १,४०० पदं कमी करण्याची घोषणा झाली, त्यातली बहुतेक याच शहरातली.

भारतात एक सोय आहे. नवा खरेदीदार २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडू लागला, तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार त्याला साधारणपणे उरलेल्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के शेअर घेण्याचा खुला प्रस्ताव द्यावा लागतो. त्याची जाहिरात वर्तमानपत्रांत येते, आणि शेअर बाजार मुंबईत असल्याने मराठी दैनिकातही. बारीक अक्षरातलं ते अख्खं पान उलटून टाकू नका. किंमत, मुदत आणि खरेदीदाराचा पुढचा इरादा त्यातच असतो.

रागावण्याआधी मूळही तपासा. युनायटेड ब्रुअरीज १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने उभी केली. ॲडॉल्फस बुश जर्मनीतून आलेला. तरी त्या बिअर आपल्या झाल्या, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे राबले. हे 'आपलेपण' मला खोटं वाटत नाही, पण तक्त्यात त्याला रकाना नाही.

१४ जुलैच्या सोमवारी सौदा जाहीर झाला. संध्याकाळी आजोबा ओट्यावर बसले होते. कारखान्याकडून शिजत्या धान्याचा वास नेहमीसारखाच येत होता. मला बघून म्हणाले, "तो कागद आणखी एकदा छापून देशील? मुलाकडे पन्नास शेअर आहेत, त्याला दाखवायचाय."