मिडचा बॉक्स निवडताना: आधी पट्टा, मग पेटी, वॅट शेवटी

मंडळाचा साउंड घरी जुळवायला घेतला की मिडच्या, म्हणजे मधल्या सुरांच्या स्पीकरच्या, बाबतीत पहिला प्रश्न कायम वॅटचा येतो. पाचशेचा टाकू की आठशेचा? वॅट ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. भजनातले बुवा, हार्मोनियम, ढोलकीची थाप, सूत्रसंचालकाची घोषणा हे सगळं ऐकू येतं ते मिडमधून. बेस कमी पडला तर चार पोरं कुरकुरतात. मिड बिघडला तर शब्दच कळत नाहीत, आणि मागच्या रांगा गप्पा मारायला लागतात.

बेसचे बॉक्स, वर ट्विटर म्हणून, म्हणजे उंच सुरांसाठी, कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा हॉर्न, मिडला वेगळा ॲम्प्लिफायर आणि मध्ये ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर (ॲम्प्लिफायरच्या आधीच आवाजाचे पट्टे वेगळे करणारं यंत्र), एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. क्रॉसओव्हर कॉइल-कॅपॅसिटरचा करायचा बेत असेल तर आधी हिशोब करा: २०० हर्ट्झला, ८ ओहमच्या स्पीकरसाठी, १२ डेसिबलच्या उताराने (पट्ट्याबाहेर आवाज किती झपाट्याने घटतो तो उतार) साधारण ९ मिलिहेन्रीची कॉइल आणि ७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो. तोही स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) सगळीकडे ८ ओहमच राहील असं गृहीत धरून, आणि तसा तो कधीच राहत नाही. तेवढं तांबं विकत घेण्यापेक्षा ते पैसे ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरमध्ये घाला.

पट्टा ठरवा

बॉक्स बघायला जाण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा: मिड कुठून सुरू होणार आणि कुठे संपणार. माझे आकडे २०० आणि १५०० ते १८०० हर्ट्झ. मिडला ८० पर्यंत उतरवू नका, त्यासाठी बेस आहे. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, जितका खाली वाजवाल तितका तो जास्त पुढे-मागे धावतो, आणि त्याच कोनवर गाणाऱ्याचा आवाज असेल तर तो आवाज थरथरायला लागतो. वरचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. एक इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हरला १५०० च्या फार खाली ओढलं तर त्याचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) जातो. आणि १२ इंची कोन साधारण १३०० हर्ट्झच्या वर आवाज समोरच्या अरुंद पट्ट्यातच फेकतो, कारण तिथे ध्वनिलहरीची लांबी कोनच्या रुंदीएवढी होते.

म्हणून मापाचं उत्तर सरळ आहे. १० किंवा १२ इंची. १५ इंची मिड म्हणून विकत असतील तर विकू द्या. ८ इंची छान वाजतो, पण मोकळ्या जागेत एकटा पुरत नाही.

हॉर्न की बंद पेटी

मी स्वतः सगळ्यात जास्त रखडलो ते या पायरीवर, आणि सर्वात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. बाजारात मिडचा रिकामा बॉक्स मागितला की बहुतेक ठिकाणी तोंडाशी तिरक्या फळ्या लावलेला हॉर्नचा बॉक्स पुढे येतो. दिसायला दणकट, वर ‘लांब फेकतो’ ही शिफारस. फेकतो हे खरं आहे. पण कुठल्या पट्ट्यात फेकतो, हे कोणी सांगत नाही.

हॉर्न एका ठराविक आकड्याच्या खाली हॉर्न म्हणून काम करणं सोडून देतो. तो आकडा दुकानात उभ्या उभ्या काढता येतो, त्याला फक्त मोजपट्टी लागते. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. हॉर्नच्या तोंडाची चारही बाजूंची बेरीज मीटरमध्ये घ्या आणि ३४४ ला तिने भागा. मग हॉर्नची खोली घ्या, म्हणजे स्पीकरच्या समोरच्या भोकापासून बाहेरच्या तोंडापर्यंतचं अंतर. त्याची चौपट करा आणि ३४४ ला त्यानेही भागा. दोन आकडे येतील. त्यातला मोठा तो तुमचा खालचा आकडा. हा ढोबळ ठोकताळा आहे, पण फसवणूक पकडायला पुरतो.

नेहमी दिसणारा बॉक्स घेऊ. तोंड ६० बाय ४५ सेंटिमीटर, बेरीज २१० सेंटिमीटर, म्हणजे १६४ हर्ट्झ. दुकानदार हाच आकडा सांगेल. आता पट्टी आत घाला. खोली २५ सेंटिमीटर, चौपट केली की १ मीटर, म्हणजे ३४४ हर्ट्झ. हा बॉक्स साडेतीनशेच्या खाली हॉर्न नाहीच. तिथून खाली तो मागच्या छोट्या कप्प्यात कोंडलेला साधा स्पीकर आहे, आणि वरच्या पट्ट्याला हॉर्नमुळे जे काही डेसिबल फुकट मिळालेले असतात ते याला मिळत नाहीत. आवाजात एक पायरी पडते. २०० ते ३५० मधला भाग, जिथे पुरुषी आवाजाचा भरदारपणा असतो, मागे राहतो आणि त्याच्या वरचा भाग पुढे येतो. ऐकायला तो आवाज थेट देवळावरच्या भोंग्यासारखा लागतो, नाकातून.

पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. मिक्सरवर बसलेला मुलगा इक्वलायझरवरची २५० हर्ट्झची दांडी ६ डेसिबल वर करतो. ६ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात चौपट पॉवर. कोन जास्त धावतो, व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) तापते, ॲम्प्लिफायर क्लिप व्हायला, म्हणजे ताकद संपून आवाज फाडायला लागतो, आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री स्पीकर रिकोनला, म्हणजे कोन-कॉइल बदलायला, जातो. मग स्पीकरला शिव्या. दुसरा उपाय म्हणजे बेसचा क्रॉसओव्हर वर चढवून ३०० ला नेणं. त्याने गायकाचा आवाज जमिनीवर ठेवलेल्या बेसमधून यायला लागतो, आणि शब्द आणखी गढूळ होतात.

२०० पासून खरा वाजणारा हॉर्न हवा असेल तर किमान ४३ सेंटिमीटर खोली, वर मागचा कप्पा, आणि तोंडाची बेरीज १७२ सेंटिमीटरच्या आसपास. असा बॉक्स बनतो, मस्त वाजतो, पण दोघांनी उचलावा लागतो आणि छोट्या टेम्पोत बेससोबत बसत नाही. मोठं मैदान असेल आणि ऐकणारे पंचवीस-तीस मीटरच्या पलीकडे असतील तर तो जरूर घ्या. चौकातलं गणपती मंडळ, देवळाचा सभामंडप, शाळेचं गॅदरिंग, हळदीचा कार्यक्रम यांसाठी माझं ठाम मत: पुढे सपाट, मागून पूर्ण बंद अशी पेटी. आखूड हॉर्न कधीच नको. अर्धा हॉर्न म्हणजे दोन्हीकडचे तोटे.

‘मग आवाज पुरेल का?’ पुरतो. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी बघा, १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. १०० डेसिबलचा १२ इंची स्पीकर १०० वॅटवर १ मीटरवर १२० डेसिबल देतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे १६ मीटरवर ९६ राहतात. भजनाला हे रग्गड झालं. ९४ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी ४०० वॅट लागतील. म्हणून वॅट शेवटी बघा म्हणतो. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसरातल्या आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते, एवढीच मुभा आहे, आणि एरवी रात्री १० नंतर उघड्यावर बंद. दूर फेकणारा बॉक्स घेऊन गल्लीत करणार काय?

पेटी किती लिटरची

स्पीकर आणायला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाल तेव्हा डेटाशीट मागा. नसेल तर तो स्पीकर मिडसाठी घेऊ नका, स्वस्त असला तरी. तीन आकडे हवेत: एफएस (मोकळा स्पीकर ज्या हर्ट्झला आपोआप घुमतो तो, म्हणजे त्याचा रेझोनन्स), क्यूटीएस (त्या घुमण्यावर किती लगाम आहे) आणि व्हीएएस (कोनच्या लवचिकतेएवढी लवचिक हवा, लिटरमध्ये).

०.७ ला क्यूटीएसने भागा. उत्तराचा वर्ग करा. त्यातून १ वजा करा. व्हीएएसला त्या आकड्याने भागा, ती पेटीची लिटर. समजा एफएस ६०, क्यूटीएस ०.३५, व्हीएएस ६० लिटर. ०.७ भागिले ०.३५ म्हणजे २, वर्ग ४, वजा १ म्हणजे ३, आणि ६० भागिले ३ म्हणजे २० लिटर. पहिल्या भागाकाराचं उत्तर, इथे २, एफएसला गुणलं की पेटीतला नवा रेझोनन्स मिळतो: १२० हर्ट्झ. आपण २०० पासून वाजवणार, म्हणजे खाली पुरेशी मोकळीक आहे. स्पीकरचा मॅग्नेट आणि आतल्या पट्ट्या काही जागा खातात, म्हणून २३ लिटरची बांधा. आतून ३४ बाय ४० बाय १७ सेंटिमीटर चालेल. तिन्ही मापं सारखी ठेवू नका, आत एकाच स्वराला घुमारा बसतो.

वीस लिटर ऐकून लोक हसतात, कारण १२ इंचीला पन्नास-साठ लिटरचा बॉक्स बघायची सवय असते. तो बॉक्स बेससाठी असतो. मिडच्या छोट्या बंद पेटीत आतली हवा कोनला लगाम घालते, तेच आपल्याला हवं आहे. भोकाचा, म्हणजे पोर्टचा, बॉक्स मिडला नको. पोर्ट खालचा आवाज वाढवायला असतो आणि तो पट्टा आपण क्रॉसओव्हरने कापून टाकलेलाच आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: बेस आणि मिड एकाच कप्प्यात. मधली फळी वाचवायची म्हणून सुतार हे सुचवतो. बेसचा स्पीकर मागे गेला की आतली हवा मिडचा कोन बाहेर ढकलते, मिडला वीज दिलेली नसतानाही. मिडची तार काढून बेस वाजवा आणि मिडच्या कोनला बोट लावून बघा. मिडला त्याचा स्वतःचा हवाबंद कप्पा हवा. तार जाते त्या भोकालासुद्धा सिलिकॉन.

प्लायवुड १८ मिलिमीटरचं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं. गणपतीत पाऊस असतोच. एमडीएफ नको. स्पीकरला लाकडी स्क्रू नको, टी-नट आणि बोल्ट. आत पॉलिएस्टरची रुई, फार दाबून नाही.

एका बाजूला दोन बॉक्स लावणार असाल तर ते एकावर एक ठेवा. शेजारी शेजारी ठेवले आणि दोन कोनच्या केंद्रांत ३३ सेंटिमीटर अंतर असलं, तर ४५ अंशावर बसलेल्या माणसाला साधारण ७४० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. तो खड्डा बरोबर शब्दांच्या पट्ट्यात येतो, आणि इक्वलायझरने भरत नाही.

घेण्याआधी वाजवून बघा

दुकानदार डीजेचं गाणं लावेल. ते बंद करायला सांगा. बेस आणि ट्विटर दोन्ही काढून फक्त मिड वाजवा, पट्टा २०० ते १५००. माइक घ्या, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा आणि सोबत्याला पंधरा पावलं लांब उभं करा. ‘स’, ‘श’, ‘च’ पुसट ऐकू येतील, ते ट्विटरचं काम. पण ‘घ’, ‘ध’, ‘भ’ भरीव ऐकू आले पाहिजेत. ते पोकळ वाटले तर आखूड हॉर्न किंवा चुकीची पेटी. मग सोबत्याला बाजूला चालत जायला सांगा. आवाज कमी होईल, पण बदलता कामा नये.

मोबाइलवरून १५० ते २००० हर्ट्झचा एकसंध चढता स्वर सावकाश वाजवा आणि तळहात पेटीच्या बाजूच्या फळीवर ठेवा. एखाद्या ठिकाणी फळी हाताला झिणझिण्या आणेल, तिथे आतून आडवी पट्टी हवी. फरफर ऐकू आली तर बहुतेक वेळा जाळी सैल असते. आधी जाळी काढून परत वाजवा, मगच स्पीकरला दोष द्या.

घरी आणून जोडल्यावर बेससोबत पोलॅरिटी (तारांचं प्लस-मायनस) तपासा. क्रॉसओव्हर २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायलीवर (क्रॉसओव्हरच्या उताराचा एक प्रकार) असेल तर मिड आणि बेसची जोडणी सहसा सरळ राहते, १२ डेसिबलवर असेल तर सहसा मिडची उलटी करावी लागते. ‘सहसा’ म्हणतो, कारण बॉक्स पुढे-मागे ठेवले की हिशोब बदलतो. २०० हर्ट्झचा स्वर लावा, बॉक्सच्या समोर आठ-दहा पावलांवर उभे राहा आणि कुणाला तरी मिडच्या तारा उलटसुलट करायला सांगा, दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करून. ज्या जोडणीत २०० चा स्वर मोठा येतो ती बरोबर. त्या तारेला लाल टेप गुंडाळा, म्हणजे मंडळातलं दुसरं कोणी जोडताना उलटी लावणार नाही.