ऊसतोडीला निघताना लेकरांची शाळा कशी चालू ठेवावी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालन्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे निघायची तारीख मुकादम (टोळी जमवणारा) ठरवतो. शाळेची कामं त्याआधीच उरका.

1. लेकरू गावात राहू शकेल का, हे आधी बघा. आजी-आजोबा असतील तर मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाचं (आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या लेकरांसाठी गावातच हंगामापुरती सोय) विचारा आणि नाव लगेच नोंदवा. शाळा बदलत नाही, जेवणाचीही सोय होते. माझ्या मते हाच मार्ग बरा, पण घरात जबाबदार माणूस असेल तरच.

2. सोबत न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरात दुसऱ्या शाळेत दाखवायचं लेकराच्या शिक्षणाचं कार्ड) मागून घ्या. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. कोपीत (तळावरच्या झोपडीत) कागद टिकत नाही.

3. तळावर (टोळीच्या मुक्कामाच्या जागी) पोचलात की जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. 'तुम्ही इथले रहिवासी नाही', 'दाखला आणा', 'आता प्रवेश बंद झाले' ही तिन्ही उत्तरं ऐकायची तयारी ठेवा. तिन्ही कायद्यात बसत नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी स्पष्ट लिहिलंय: स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी (कलम 9), शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून अडवायचं नाही (कलम 5), जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही (कलम 14), आणि वर्षाच्या मधेही प्रवेश द्यायचा (कलम 15). मधे शाळा सुटली असली तरी वयाला साजेशा वर्गातच बसवायचं. आधार नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

4. तरी नाहीच म्हणाले, तर नकार लेखी मागा. बहुतेकदा तेवढ्यानेच सूर बदलतो. नाही बदलला, तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन पोच घ्या. नुसत्या अर्जावर विसंबू नका. तक्रार निकाली काढायला कायदा 3 महिने देतो; तोवर पट्टा पडायची (हंगाम संपायची) वेळ येते.

पत्ता खरोखर आडवा येतो तो खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांना. तिथे रहिवासाचा पुरावा लागतो आणि घर ते शाळा अंतरही मोजतात. कोपीचा पुरावा कुठून आणणार? हंगामापुरतं आलेल्यांनी त्या फॉर्ममागे दिवस घालवू नयेत.

5. परतताना कार्डावर हजेरी आणि अभ्यासाची नोंद सही-शिक्क्यासह करून घ्या आणि गावच्या शाळेत पहिल्याच दिवशी दाखवा.