आर्ट क्विल्टमध्ये तुकडा कशानं धरायचा : डिंक, दुमड की नुसता टाका?

इंदूरमध्ये आर्ट क्विल्ट (कापडाच्या तुकड्यांनी चित्र रचलेलं गोधडीसारखं काम) करायला घेतलं की कापड कमी पडत नाही. कपाटातल्या विरलेल्या माहेश्वरी साड्या, चंदेरीची ओढणी, बाघ प्रिंटचे उरलेले तुकडे, शीतलामाता बाजारातून आणलेली कातरणं. गाडी अडते ती पुढे, नक्षीतला तुकडा पायाच्या कापडावर धरायचा कशानं, इथे. नवी माणसं इस्त्रीनं चिकटणारी जाळी आणतात आणि सगळ्या तुकड्यांना सरसकट लावून मोकळी होतात. तसं करू नका. पद्धत तुकड्यागणिक ठरते. एकाच क्विल्टमध्ये तीन पद्धती आल्या तरी काही बिघडत नाही.

आधी हे ठरवा की क्विल्ट भिंतीवर टांगायचा आहे की पांघरून धुवायचा आहे. टांगायचा असेल तर कच्ची कड खुशाल ठेवा. धुवायचा असेल तर कड दुमडलेली हवी किंवा दाट झिगझॅगनं बांधलेली हवी. नुसती एक सरळ टीप मारलेली कड धुण्यात पिंजारते. मग कापड उजेडासमोर धरा. पॉपलीन, केंब्रिक, बाघचं सुती कापड दाट असतं. चंदेरीचं आणि माहेश्वरीचं अंग विरळ असतं, पलीकडची बोटं दिसतात. पुढचा सगळा निर्णय या दिसण्यावर आहे.

दाट सुती कापडाला जाळी उत्तम. मात्र दुकानात नुसतं ‘फ्युजिंग’ मागितलंत तर शर्टाच्या कॉलरला लावतात ते एका बाजूनं चिकटणारं बुकरम हातात पडेल. आपल्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी, कागदावर बसवलेली जाळी हवी. कागद सोलल्यावर फक्त डिंकाचा पातळ थर उरला तर ती बरोबर. आकृती कागदावर उलटी काढा, नाहीतर डावीकडे बघणारा मोर उजवीकडे बघेल. इस्त्री घासू नका. ठेवा, दाबा, उचला. पूर्ण गार झाल्यावरच कागद सोला. मोठ्या तुकड्यात जाळीचा मधला भाग कापून काढा आणि कडेनं ६ ते ८ मिलिमीटरची पट्टी तेवढी ठेवा. पूर्ण जाळी लावलेला तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि हातानं टाके घालताना सुई अडते. बाघचं कापड आधी धुऊन घ्या. ते आटलं किंवा रंग सुटला तर शिवून झाल्यावर इलाज नाही.

आता खरी फसगत. हे सावकाश वाचा.

विरळ कापडाखाली जाळी वितळली की डिंक दोऱ्यांच्या फटींतून वर येतो. इस्त्री उचलताच काही कळत नाही, गरम असेपर्यंत तुकडा सुरेख दिसतो. गार झाल्यावर ठिपके उमटतात. फिकट चंदेरीवर ते ओले डाग पडल्यासारखे दिसतात, रेशमावर चकाकतात. डाग काढायला पुन्हा इस्त्री फिरवली की डिंक आणखी पसरतो आणि इस्त्रीच्या तळालाही चिकटतो. एकदा वर आलेला डिंक खाली जात नाही. त्यातून काठाची जरतार कृत्रिम असेल तर दाट कापडासाठी ठेवलेल्या आचेवर ती आक्रसते आणि शेजारचं कापड चुण्या धरतं. म्हणून माहेश्वरीचा काठ आणि अंग वेगवेगळे कापा. दोघांना एकच आच सोसेलच असं नाही. जरीचा एक दोरा चिमट्यात धरून जाळून बघा. वितळून गोळी झाली तर तिच्यावर इस्त्री नकोच.

घाबरू नका, विरळ कापड वापरता येतं आणि फार सुंदर दिसतं. त्याला आतून आधार द्या. पांढऱ्या मलमलीचा आकार तयार मापाचाच कापा, दुमडीसाठी काही सोडू नका. चंदेरी मात्र ६ मिलिमीटर जास्त कापा आणि ही वाढ मलमलीच्या मागे दुमडून कच्च्या धावदोऱ्यानं धरा. दुमड मलमलीआड गेल्यामुळे कडेला दुहेरी कापडाची गडद रेघ दिसत नाही आणि पायाचा रंगही वर येत नाही. रंग थोडा खोल हवा असेल तर पांढऱ्याऐवजी रंगीत मलमल घ्या. मग हा तुकडा पायावर लपत्या टाक्यानं बसवा. १० नंबरची बारीक सुई घ्या, दोरा तुकड्याच्या रंगाचा घ्या (पायाच्या नव्हे), टाके २ ते ३ मिलिमीटरवर आणि पानाच्या टोकाशी आणखी जवळ घाला. आत वळणाऱ्या कडेला कात्रीचे काप द्यावे लागतात, ते दुमडरेषेच्या १–२ मिलिमीटर अलीकडे थांबवा. बाहेरच्या वळणाला काप नकोत, तिथे कोपरे पडतात.

नखाएवढ्या चिंध्या असतील तर त्या पायावर पसरा, वरून काळी बारीक नेट घाला आणि नेटवरूनच टीप मारा. काळी नेट रंगात विरते, पांढरी धुकं आणते. इथेही इस्त्री लांब ठेवा, नायलॉन वितळतं. लाकूडकामाचा पांढरा डिंक कुठेच वापरू नका. तो वाळून दगड होतो. शाळेतली धुऊन जाणारी डिंककांडी ठिपक्याएवढी लावली तर चालते, टाचणीऐवजी.

शिकवणारा निवडताना एकच मागणी करा, कामाची मागची बाजू दाखवा. समोरून सगळंच छान दिसतं. गोधडी शिवणारी आजी किंवा मावशी ओळखीत असेल तर आधी तिच्याकडे जा. तीन थर डिंकाशिवाय धावदोऱ्यानं कसे एकजीव होतात ते तिच्या शेजारी बसूनच कळतं. चार मिनिटांचे झटपट व्हिडिओ डिंक गार झाल्यावर काय होतं ते दाखवत नाहीत.

घरात जुनं काळं, फक्त सरळ टीप मारणारं मशीन असेल तर नवं घ्यायची घाई नको. जाळीनं धरलेल्या दाट तुकड्याच्या कडेपासून २ मिलिमीटर आत एक टीप मारा, तिच्याशेजारी दुसरी थोडी वेडीवाकडी. टांगायच्या क्विल्टला एवढं पुरतं. सुती कापडाला १४ नंबरची सुई, आधार दिलेल्या रेशमाला ११. सुईला डिंक चिकटून टाके सुटू लागले तर दोऱ्याचा ताण पिळत बसू नका, सुई पुसा किंवा बदला.