पांझरेवर मासे मोजायला येण्याआधी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की आमच्या जलसंधारणाच्या गटात नवे लोक यायला लागतात. बहुतेकांना डोंगरावर चर खोदायचे असतात. घाम तिथे गळतो आणि फोटोही तिथलेच चांगले येतात. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर मासे मोजायला या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पांझरेत मासे राहिलेत का अजून?" राहिलेत. पण कोणते, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे सांगणारी वही कुणाकडेच नव्हती, म्हणून हा उद्योग मागे लावून घेतला. यायचं ठरवलं असेल तर काय तयारी लागते ते एकदाच लिहून टाकतो. दर वर्षी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो.

आधी नदी डोक्यात बसवा. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरातून निघते, साक्री तालुक्यातून धुळ्याकडे पूर्वेला येते, मग उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला मिळते. वाटेत लाटीपाडा आणि अक्कलपाडा ही धरणं, कान या उपनदीवर मालनगाव, आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीचे फडाचे बंधारे. एक तरी फडाचा बंधारा येण्याआधी स्वतःच्या पायाने जाऊन बघा. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी सोडायला पाटकरी. पाणी वाटून खायची ही रीत शेतीच्या पुस्तकांत आहे, पण त्यातली माशाची बाजू कुणी लिहीत नाही. बुटका बंधारा मोठ्या पुरात बुडतो आणि मासा त्याच्यावरून वर चढतो. उंच भिंतीपाशी तो थांबतो. मृगाचं पाणी आलं की गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट भरलेला मासा प्रवाहाच्या उलट निघतो, त्यालाच आपण चढणीचा मासा म्हणतो. त्याला वर जायला वाट हवी आणि उन्हाळा काढायला डोह हवा. आपण जलसंधारणवाले किती पाणी अडवलं ते मोजत बसतो. या दोन गोष्टी आपल्या हिशेबात कुठेच नसतात. नाला खोल करताना दगडगोटे, कपारी, काठची झाडं सगळं खरवडून सरळ कालवा केला तर पाणी साठतं, विहिरींनाही उतरतं, पण तिथे मासा टिकत नाही. माझं खोलीकरणाशी भांडण नाही. यंत्र उतरायच्या आधी कोणता डोह हात न लावता सोडायचा एवढं ठरवा, इतकंच म्हणणं आहे. आणि ते ठरवायचं तर वही लागते.

दुसरी तयारी कागदांची. ही कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो; त्यांचा होकार नसताना जाळं टाकलं तर तुम्ही अभ्यासक नाही, चोर ठरता. जंगलातल्या नाल्यावर जायचं तर वनविभागाचं पत्र, आणि अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे यावल किंवा अनेर धरण, पत्राशिवाय पाऊलही टाकायचं नाही. गावात ग्रामसेवकाकडे लोकजैवविविधता नोंदवही मागा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली ग्रामपंचायतीत समिती असते आणि ही वही तिने ठेवायची असते. काही ठिकाणी ती कपाटातून निघते, माशांचं पान कोरं असतं. कोरं असेल तर ते आपल्यालाच भरायचं आहे असं समजा.

आता हत्यारं. एक जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल. पेन नको. पहिल्या पावसाळ्यात मी झकास निळ्या शाईच्या पेनाने नोंदी केल्या, परतताना सॅक ओढ्यात पडली आणि आषाढाचा अख्खा महिना वहीत निळं पाणी होऊन वाहिला. मासा मोजायला अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप, त्याच्या एका टोकाला लाकडी ठोकळा आणि आत चिकटवलेली मोजपट्टी. तोंड ठोकळ्याला टेकवायचं, शेपटीचं टोक जिथे येईल तो आकडा लिहायचा. वजनाला स्प्रिंगचा काटा आणि ओली जाळीदार पिशवी. बादली दोन, एक पकडलेल्यांसाठी आणि दुसरी मोजून झालेल्यांसाठी, दोन्ही सावलीत. पाण्याचा थर्मामीटर, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन तपासायचं किट. गढूळपणासाठी काळी-पांढरी चकती दोरीला बांधून. ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. महागडं यंत्र घेऊन येणाऱ्यांना मी अडवत नाही, पण त्याची बॅटरी साक्रीच्या पुढे गेली की संपते हा अनुभव आहे.

ऑक्सिजनचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. गार पाण्यात तो जास्त मावतो, कोमट पाण्यात कमी. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. शिवाय दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याच तो ओढून घेतात. म्हणजे दिवसातला सगळ्यात वाईट आकडा सूर्य उगवायच्या आधी मिळतो. आम्ही वर्षभर नाश्ता उरकून अकराला जात होतो, सात-आठचे आकडे लिहीत होतो आणि डोह ठणठणीत आहे म्हणून सांगत होतो. एके दिवशी मुक्कामाला राहिलो, पहाटे तपासलं तर तीनच्या खाली. पाचाच्या खाली गेलं की बहुतेक माशांचे हाल सुरू होतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते, अगदी काठाजवळ. त्या दिवसापासून पाचला पाण्याशी असायचं हा नियम. तसंही वैशाखात खान्देशात नऊनंतर नदीत उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं.

मासा हातात घेण्याची तयारी कुणा भोईबाबाकडून करून घ्या, माझ्याकडून नको. मी पहिल्यांदा सुती हातमोजे घालून गेलो होतो, शहाणपणाने. काठावर बसलेले एक म्हातारे भोईबाबा बघत होते. म्हणाले, "हात वल्ला करी ले भो, मंग मासाले हात लाव." कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो थर म्हणजे त्याची ढाल, तो गेला की रोग लागतो. बाबांनी ओल्या तळव्यावर वाम घेतली, पोट आणि मान अशी दोन ठिकाणी अलगद, न दाबता. मग तिच्या पाठीवरचे बारीक काटे दाखवले. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर करवतीसारखे लागतात. मासा पाण्याबाहेर किती वेळ? आपण दम कोंडून राहू शकतो तेवढाच.

शिंगाळ्याला दोन्ही कल्ल्यांपाशी एकेक आणि पाठीवर एक असा काटा असतो. तो हाताला लागला तर ठणका बसतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की उतार पडतो, म्हणून थर्मासमध्ये चहाबरोबर नुसतं गरम पाणीही आणा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच या. पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, काठावर बसून वही सांभाळा.

ओळखीची तयारी घरी करता येते. मरळ, वाम, शिंगाळा, रोहू, कटला, मृगळ एवढे तरी डोळे मिटून सांगता आले पाहिजेत. पण नुसतं नाव लिहून भागत नाही, त्या नोंदीचा अर्थही कळायला हवा. मरळ सापडला म्हणून पाणी चांगलं, असं लिहू नका. तो तोंड वर काढून हवा घेतो. घाण, साचलेल्या डबक्यातही जगतो. बोटभर लांबीचे रोहू दिसले म्हणून नदीत पैदास होते असंही लिहू नका. ती संस्थेने सोडलेली बोटुकली असू शकते, कधी सोडली ते विचारून मगच तारीख टाका. तिलापिया दिसला तर वेगळ्या रकान्यात. हा आफ्रिकेचा, 1952 मध्ये आपल्या देशात आणला, आणि पिल्लं तोंडात सांभाळतो म्हणून कुठेही तग धरतो. परदेशी मांगूर पाळायला बंदी आहे, तरी तो शेततळ्यातून पुराबरोबर सुटतो. डासांसाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे दक्षिण अमेरिकेतले. उरलेले नदीत ओतू नका, घरच्या टाकीतला कंटाळा आलेला मासाही नको.

नावांची गंमत वेगळीच. भोई एक नाव सांगतो, भिल्ल दुसरं, कोकणी आदिवासी तिसरं, आणि बाजारात चौथं. आमच्या वहीत पहिल्या वर्षी एकाच "शिंगाळा" या नावाखाली दोन जातींचे मासे शिरले होते. फोटो होते म्हणून निभावलं. तेव्हा प्रत्येक माशाचा मोजपट्टीसकट बाजूने फोटो, आणि सांगणाऱ्याने जे नाव सांगितलं तेच शब्द, आपण न सुधारता. शास्त्रीय नाव नंतर जाणकाराला विचारून लिहू.

मग वहीतली शिस्त. तीच जागा, तीच वेळ, तेच जाळं. आम्ही एका जागी फेकजाळ्याच्या दहा फेकी मोजतो. दहा म्हणजे दहा, अकरावी "बघू या" म्हणून नाही. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं. सुरुवातीला शून्याच्या दिवशी मी वही उघडतच नसे, लाज वाटायची. वर्षाअखेरीस वहीत फक्त मासे सापडलेले दिवस होते आणि नदी ओसंडून वाहते आहे असं वाटत होतं. ती वही मी कुणाला दाखवत नाही.

जाळ्यात कासव अडकलं तर मोजमाप नाही, सेल्फी नाही, ताबडतोब सोडायचं. नदीतली कासवं कायद्याने संरक्षित आहेत. कुणी जिलेटीन उडवताना किंवा औषध टाकून मासे मारताना दिसलं तर वेळ आणि ठिकाण लिहा, एकट्याने भिडू नका. ही बंदी इंग्रजांच्या 1897 च्या कायद्यापासून आहे, पण रात्री डोहावर कायदा तुमच्या बाजूला उभा नसतो. वाळू उपशाच्या जागी तर काठावरूनच नोंद करा. वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात माणूस गडप होईल एवढे खड्डे असतात. वाम वाळूत पुरून घेऊन राहते, वाळू गेली की ती गेली, त्यामुळे तिथली नोंद हवीच. फक्त जीवावर उदार होऊन नको. पावसाळ्यात निघण्याआधी अक्कलपाड्याचे दरवाजे उघडलेत का ते विचारून घ्या; आकाश निरभ्र असतानाही खाली पाणी चढतं.

डोंगराच्या कामाची तयारी थोडक्यात, कारण ती शिकवणारे पुष्कळ आहेत. एवढं ध्यानात घ्या की चर हेही माशाचंच काम आहे. डोंगरावरची माती पहिल्या पावसात खाली आली की गोट्यांमधल्या फटी बुजतात. अंडी आणि पिल्लं तिथेच असतात. म्हणून काम माथ्यापासून सुरू करायचं. चराची समपातळी शोधायची ए-फ्रेम आपली आपण बांधा. दोन सारख्या काठ्या, मधे आडवी काठी, शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. फ्रेम उभी करून दोरी आडव्या काठीला लागते तिथे खूण करा, मग दोन्ही पायांच्या जागा उलट करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे तिसरी, ती समपातळीची. ही तिसरी खूण न करता एका टेकडीवर आम्ही दिवसभर चर खोदले होते. पहिल्या पावसात सगळं पाणी एका कोपऱ्याला धावलं आणि तिथून फुटलं. राखलेला डोंगर कसा दिसतो ते पाहायचं तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाठा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं, 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पण पाहुणे म्हणून जा, विचारून जा.

खाण्याचं: कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. दोन भाकऱ्या जास्तीच्या, कारण काठावर कुणी ना कुणी असतंच आणि माशांची खरी माहिती भाकरी मोडतानाच निघते. पाणी माणशी चार लिटर, टोपी, उपरणं, पायात पट्ट्याची चप्पल नको तर जुने बूट. दगड उचलण्याआधी काठीने हलवा, खाली फुरसं असू शकतं.

घरी गेल्यावर जाळं, बूट, बादल्या धुऊन कडक उन्हात वाळवा, तोवर दुसऱ्या नाल्यात नेऊ नका. एका पाण्याचा रोग दुसऱ्यात असाच जातो. वहीच्या पानांचे फोटो त्याच रात्री गटावर टाका. पुढची फेरी येत्या रविवारी, पहाटे साडेचारला साक्रीच्या स्टँडवरून गाडी निघेल. पेन्सिल विसरलात तर माझ्याकडे चार जास्तीच्या आहेत, टोक मात्र आपलं आपण काढायचं.